कोलोनोस्कोपीनंतरचं पोट दुखणं ‘निव्वळ गॅस’ नसतं तेव्हा

कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघण्याच्या तपासणीबद्दल, आमच्या नात्यातल्या तीन ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा : कोलोनोस्कोपीनंतर पोट दुखलं तर तो निव्वळ गॅस. आतड्याला इजा झाली असती तर टेबलावरच कळलं असतं. ओवा-हिंग घ्या, कळ जास्त असेल तर पेनकिलर, रात्री एरंडेल. तीन दिवस डॉक्टरकडे फिरकू नका, ते उगाच सीटी स्कॅन करायला लावतात.

पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, आणि पंचाईत तिथेच आहे. त्याच्या भरवशावर पुढचं सगळं खपून जातं.

‘निव्वळ गॅस असतो’

बहुतेकांना गॅसच असतो. रिकामं आतडं मिटलेलं असतं, म्हणून दुर्बिणीला भिंती दिसाव्यात यासाठी आत हवा किंवा कार्बन डायऑक्साइड भरतात. कार्बन डायऑक्साइड रक्तात झपाट्याने शोषला जातो आणि श्वासावाटे निघून जातो. साध्या हवेतला नायट्रोजन तसा शोषला जात नाही. तो खालूनच बाहेर पडावा लागतो, म्हणून साधी हवा वापरली असेल तर पोटाचा नगारा जास्त वेळ राहतो. शिवाय डाव्या बाजूच्या नागमोडी आतड्यातून दुर्बीण पुढे ढकलताना तिला वेटोळं पडतं आणि आतडं ताणलं जातं. त्याचा ठणकाही मागे राहतो.

हे दुखणं येतं-जातं, वारा सरला की हलकं होतं आणि तासागणिक उतरतं. घरातल्या घरात फेऱ्या माराव्यात आणि वारा दाबून ठेवू नये, पाहुणे बसलेले असले तरी. एका जागी रुतून बसलेलं, हलताना-खोकताना वाढणारं, वारा सरूनही न उतरणारं दुखणं वेगळं. त्याला गॅस म्हणून सोडून देऊ नये.

‘इजा झाली असती तर टेबलावरच कळलं असतं’

मेसेजमधलं सर्वात घातक वाक्य हेच. आतड्याला भोक पडलं तर कधी तिथल्या तिथे दिसतं, कधी दिसत नाही. मोठं आतडं जिथे सुरू होतं, तिथे, म्हणजे उजव्या बाजूला खाली, भिंत फार पातळ असते. हवेच्या दाबाने ती तिथेही फाटू शकते.

पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवर वाढलेला कोंब, काढला असेल तर हिशेबच बदलतो. तो पुष्कळदा तारेच्या फासात पकडून विजेच्या उष्णतेने कापतात. चटका खोलवर गेला तर भोक न पडताही भिंत आरपार भाजते. मग काही तासांपासून ते चार-पाच दिवसांपर्यंत केव्हाही त्या जागी दुखायला लागतं आणि ताप येतो. सलाइन, अँटिबायोटिक आणि आतड्याला विश्रांती यांवर बहुतेक जण बरे होतात, पण भोक नाही याची खात्री आधी करावी लागते. कारण भाजलेला भाग मरून गळला तर भोक नंतरही पडतं. मेसेजमधले ‘तीन दिवस’ नेमके या मुदतीत येतात!

कापलेल्या जागेची खपली निघून रक्त जाणं तर दोन आठवड्यांनीही होऊ शकतं, आणि त्यात पोट बहुधा दुखतच नाही. तेव्हा ‘दुखत नाही म्हणजे सगळं ठीक’ हेही खरं नाही. घरी निघण्याआधी रिपोर्ट हातात घेऊन एवढं विचाराच : काही काढलं का, कुठून, आणि कसं?

आणखी एक दुर्मीळ प्रकार आहे. पाणथरी, म्हणजे प्लीहा, मोठ्या आतड्याच्या डाव्या वळणाला जोडलेली असते. दुर्बीण वळताना तिला ओढ बसून ती फाटू शकते. डाव्या बरगडीखाली दुखतं, कधी डाव्या खांद्यातही कळ जाते, आणि चक्कर येते. खांदा दुखतोय याचा संबंध कालच्या तपासणीशी असेल, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

‘ओवा, पेनकिलर, एरंडेल’

चिमूटभर ओव्याने आजीचं समाधान होत असेल तर होऊ द्या. एरंडेल मात्र नको. ते आतड्याला जोराने आकुंचन पावायला लावतं, आणि भोक असेल तर आतला मळ पोटात आणखी पसरायची भीती. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या, विशेषतः पॉलिप काढल्यावर, न विचारता घेऊ नयेत : रक्तस्रावाची शक्यता वाढते आणि वाढतं दुखणं झाकलं जातं.

‘उगाच सीटी स्कॅन करायला लावतात’

बिलाबद्दलचा संशय मी खोडत नाही. स्कॅन कशासाठी, असं बेलाशक विचारा. पण उभं राहून काढलेल्या साध्या एक्स-रेत छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखालची मोकळी हवा पुष्कळदा दिसते, तरी थोडीशी गळती किंवा आतड्यामागे साठलेली हवा निसटू शकते. सीटीत ती सापडते. इथे वेळेला किंमत आहे. भोक लगेच लक्षात आलं तर दुर्बिणीतूनच क्लिप लावून बंद करता येतं. पोटात मळ पसरल्यावर ऑपरेशन, आणि कधी कधी मळ बाहेर घ्यायला पोटावर पिशवी.

यावर आमच्याच ग्रुपवर एका मामांनी लिहिलं, ‘म्हणजे ही तपासणी करूच नये.’ तसं नाही, मामा. भोक पडण्याचं प्रमाण साधारण हजारात एक किंवा त्याहूनही कमी असतं, पॉलिप काढल्यास थोडं जास्त. आणि पॉलिप काढतात तो पुढे त्याचा कॅन्सर होऊ नये म्हणूनच.

पोट लाकडासारखं कडक होणं, थंडी वाजून ताप, उलट्या, पोट फुगत जाऊनही वारा न सरणं, खांद्यात कळ, चक्कर, वारंवार किंवा गाठी पडून रक्त जाणं : यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. इमर्जन्सी विभाग गाठा आणि दारातच सांगा, ‘अमुक दिवशी कोलोनोस्कोपी झाली, पॉलिप काढला.’ रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा.