सहासष्ट की नव्व्याण्णव

सातपूरला आमचं कंट्रोल पॅनल, म्हणजे यंत्रं चालवणारी विजेची कपाटं, बनवण्याचं छोटं शेड आहे. पॅनल तीन आठवड्यांत उभं राहतं, त्याचं ड्रॉइंग खरं करायला मात्र तीन महिने पुरत नाहीत. खरं करायचं म्हणजे, आत जे जोडलंय तेच कागदावर आणायचं. धंद्यात याला 'ॲज बिल्ट' म्हणतात. ते हातात पडल्याशिवाय गिऱ्हाईक शेवटचे दहा टक्के सोडत नाही, आणि आमचा नफा असतो तो नेमका त्याच दहा टक्क्यांत.

यंदाचं काम दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या प्रीकूलिंगचं, म्हणजे तोडलेला माल झटपट गार करायच्या खोलीचं. एकूण 48 शीट. आता 48 शीट कोऱ्या कागदावरून कोणी काढत नाही. मागच्या कामाची फाइल उघडायची आणि 'सेव्ह ॲज' मारायचं. मागचं काम कोंबडीखाद्याच्या कारखान्याचं होतं. पहिल्याच मीटिंगला द्राक्षवाल्यांचे मेंटेनन्सचे काका शीट 31 वर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, हा मक्याचा हॉपर आमच्यात कुठे बसवलाय?"

"स्पेअर आहे," मी म्हणालो.

हॉपर निदान दिसला तरी. तापमानाच्या सेन्सरची शीटही तिकडूनच आली होती, ती कोणालाच दिसली नाही. पीटी-100 सेन्सरचा रोध शून्य अंशाला 100 ओहम असतो आणि दर अंशाला साधारण 0.385 ओहमने वाढतो. म्हणजे लांबलचक वायरचा ओहम-दीड ओहम त्यात मिसळला की तीन-चार अंशांची थाप बसते. ती वजा करायला तिसरी वायर लागते. कोंबडीखाद्याला तीन-चार अंशांचं काय कौतुक? तिथे दोनच वायर दाखवल्या होत्या. आमच्या वायरमन आप्पांनी ड्रॉइंगप्रमाणे (आयुष्यात एकदाच!) दोन जोडल्या आणि तिसरी गुंडाळून ठेवली. ट्रायलला रिकाम्या खोलीत काकांचा थर्मामीटर शून्य दाखवत होता, आमचा डिस्प्ले चार. निफाडचा पारा उतरला की पेपरात बातमी येते. मी आत दात वाजवत उभा होतो आणि कॉम्प्रेसर अजून चार अंश उतरवायच्या जिद्दीला पेटला होता. आत माल असता तर द्राक्षांच्या गोट्याच झाल्या असत्या.

ते निस्तरलं. मग फेरूल. फेरूल म्हणजे वायरच्या टोकाला घालायची नंबराची पिवळी नळी. ती गोल असते, आणि 66 उलटं धरलं की 99 होतं. म्हणून शहाणी माणसं खाली रेघ मारतात. आम्ही मारली नव्हती. 66 ही पंप चालू असल्याचं पीएलसीला (पॅनलमधल्या, सगळं चालवणाऱ्या छोट्या संगणकाला) सांगणारी वायर, 99 भोंग्याची. पलीकडच्या टोकाला दोघींची अदलाबदल झाली. परिणाम असा, की पंप सुरू झाला की भोंगा बोंबलायचा. पीएलसीला पंपाची खबर न मिळाल्याने ती पाच सेकंदांत पंप पाडायची आणि अलार्म द्यायची. तो अलार्म भोंग्याऐवजी तिच्याच इनपुटवर यायचा. त्यामुळे पंप बंद पडला रे पडला, की तिची खात्री पटायची: पंप चालू आहे.

रात्री अकराला आप्पांनी चूक पकडली. चुकलेली टोकं केबलच्या जंजाळात खोल होती, म्हणून त्यांनी हाताशी असलेली अलीकडची दोन टोकं बदलली. दोन चुकांचं मिळून बरोबर झालं आणि सगळं सुरळीत चालू लागलं. फक्त पॅनलमधला 66 आता 99 आहे आणि 99 आता 66.

"आप्पा, फेरूल तरी बदला."

"चालू पॅनलला हात लावायचा नाही साहेब. सीझन आहे."

मग मी 48 शीट पुन्हा तपासल्या, हॉपर उडवला, तिसरी वायर दाखवली, 'ॲज बिल्ट'चा शिक्का मारला आणि एथ्रीचा गठ्ठा घडी घालून दाराच्या आतल्या खिशात कोंबला. दार लागेना. आप्पांनी गठ्ठा बाहेर काढून पॅनलवर ठेवला आणि वरच्या शीटच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलने लिहिलं: '66 आहे ते 99 समजावे. 99 आहे ते 66.'

काका सही करायला आले. चष्मा लावून गठ्ठा हातात घेतला, ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "एवढं टाइप करून दाराला चिकटवा. बाकीचं ऑफिसात असू द्या."