बातमीची उरलेली अर्धी ओळ

"त्याचं पुढे काय झालं?"

आमच्या ग्रुपमधल्या एका निवृत्त शिक्षिकेने माझ्या पोस्टखाली एवढाच प्रश्न टाकला होता. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो, आमच्यापैकी कुणालाच त्यांनी शिकवलेलं नसलं तरी. कुणी बातमी टाकली की बाई लिंक उघडून ती शेवटपर्यंत वाचतात. मग दोन-चार आठवडे जाऊ देतात आणि त्याच पोस्टखाली परत येऊन हा प्रश्न विचारतात. तोवर बाकी सगळे ती बातमी विसरलेले असतात. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस तो प्रश्न माझ्या वाट्याला आला, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पोस्ट होती एलके-९९ नावाच्या पदार्थावर. आठवत असेल अनेकांना. २२ जुलै २०२३ ला दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी आर्काइव्ह या शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर दोन प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधीचे निबंध, टाकले. शिसं, फॉस्फरस, ऑक्सिजन आणि थोडं तांबं असलेला एक पदार्थ साध्या हवेच्या दाबाखाली, अगदी १२७ अंश सेल्सियसपर्यंत अतिसंवाहक राहतो, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे त्यातून वीज कसलाही रोध न होता वाहते. १९११ साली पाऱ्यात अतिसंवाहकता पहिल्यांदा दिसली ती उणे २६९ अंशांना. तेव्हापासून शंभराहून जास्त वर्षं माणसं ज्याच्या मागे लागली आहेत ते हाती आलं, असा तो दावा होता. सोबत एक व्हिडिओ होता. चुंबकावर काळपट रंगाचा एक तुकडा, एक कडा टेकलेली आणि दुसरी हवेत उचललेली. त्या रात्री मी तो व्हिडिओ कितीदा पाहिला असेल याची मोजदाद नाही.

आणि मी पोस्ट लिहिली. 'शतकातली सर्वांत मोठी बातमी' असा मथळा दिला. त्यात 'दावा' हा शब्द नव्हता. हा प्रीप्रिंट आहे, तज्ज्ञांनी अजून तपासलेला नाही, दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत हे करून पाहिलेलं नाही, यातलंही काही नव्हतं. मला हे सगळं माहीत होतं. तरी लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर वाक्य ढिलं पडलं असतं. ही गोष्ट मला आजही बोचते.

पोस्ट धडाधड शेअर झाली. आणि मी पुढच्या बातमीकडे वळलो.

बाईंच्या प्रश्नामुळे मला मागे जाऊन वाचावं लागलं. तेव्हा कळलं की मी शेअर केलेल्या बातमीपेक्षा पुढे जे घडलं ते कितीतरी पटींनी सुंदर होतं. जगभरच्या लोकांनी तो पदार्थ बनवायला घेतला. कुणी विद्यापीठात, कुणी स्वतःच्या छोट्या प्रयोगशाळेत, आणि काहींनी तर भट्टी चालू असताना थेट प्रक्षेपण करून. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतही तो बनवला गेला आणि अतिसंवाहकतेची खूण सापडली नाही. मूळ निबंधातल्या आलेखात सुमारे १०४ अंशांना रोध एकदम खाली कोसळताना दिसत होता, आणि सगळ्यांच्या नजरा त्या कोसळण्यावर होत्या. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांची नजर १०४ या आकड्यावर गेली. त्यांना तो आकडा ओळखीचा वाटला, कारण त्यांनी पूर्वी क्युप्रस सल्फाइडवर, म्हणजे तांबं आणि गंधकाच्या संयुगावर काम केलं होतं. त्या संयुगाची रचना बरोबर याच तापमानाला बदलते. आणि एलके-९९ ज्या कृतीने बनवतात त्या कृतीत हेच संयुग मळासारखं मागे उरतं. म्हणजे रोध कोसळत होता तो मळामुळे! पुढे जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने गंधक टाळून शुद्ध स्फटिक वाढवले. ते निघाले जांभळे, पारदर्शक आणि वीज जवळजवळ वाहूच न देणारे. ती उचललेली कडाही साध्या लोहचुंबकी गुणाने समजावता येत होती. ऑगस्टच्या मध्यापर्यंत हे सगळं उलगडलं होतं. चार आठवडेही लागले नाहीत.

एका आकड्यावरून मळ ओळखणारा माणूस! ही गोष्ट आमच्या ग्रुपमधल्या शाळकरी मुलांच्या आईवडिलांपर्यंत पोचायला हवी होती. ती पोचवायची संधी माझ्याकडे होती आणि मी ती घालवली. नंतर मी दुरुस्ती टाकली, सविस्तर टाकली, पण पहिली पोस्ट जितक्या लोकांनी वाचली त्यांच्यातले मूठभर लोकच तिथपर्यंत आले.

तेव्हापासून मला एका गोष्टीचा ध्यास लागला आहे. बातमी एकाकडून दुसऱ्याकडे जाताना तिच्यातलं आधी काय गळतं? माझं निरीक्षण आहे की गळते ती अट. 'जर', 'पण', 'अजून', 'फक्त इतक्या नमुन्यांवर', 'उंदरांमध्ये' हे सगळं आधी जातं. उरलेलं वाक्य चकचकीत दिसतं आणि धावत सुटतं.

याचं सर्वांत निरागस उदाहरण मंगळाचं आहे. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ पृथ्वीच्या ५.५८ कोटी किलोमीटर इतका जवळ आला होता. जवळजवळ ६०,००० वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. त्या वेळी एक ईमेल फिरली, आणि तिच्यातलं वाक्य साधारण असं होतं: ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ तेवढा दिसेल, जेवढा नुसत्या डोळ्यांना पूर्ण चंद्र दिसतो. आता हे वाक्य तपासून बघा. मंगळाचं बिंब तेव्हा सुमारे २५ विकलांचं होतं. विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. चंद्राचं बिंब साधारण १८६० विकलांचं. २५ ला ७५ ने गुणलं की १८७५ येतात. वाक्य तंतोतंत खरं आहे! मग पुढे पाठवता पाठवता दुर्बिणीचा तुकडा गळून पडला आणि उरलं, 'मंगळ चंद्राएवढा दिसणार'. मग वर्षही गळलं. त्यानंतर कित्येक ऑगस्ट महिन्यांत ते वाक्य परत आलं, आमच्याकडे 'आज रात्री आकाशात दोन चंद्र' या रूपात. कुणी ध चा मा केला नव्हता. एकही अक्षर बदललं नव्हतं, फक्त अर्धी ओळ कमी झाली होती.

'नरो वा कुंजरो वा' आपण गुळमुळीत बोलण्यासाठी वापरतो. पण मला त्या गोष्टीतलं वेगळंच काहीतरी आठवतं. युधिष्ठिराचं वाक्य पूर्ण होतं. अश्वत्थामा मेला, माणूस की हत्ती कोण जाणे. द्रोणाचार्यांच्या कानावर पहिला भाग पडला आणि दुसरा शंखाच्या आवाजात बुडाला. त्यांनी शस्त्र खाली ठेवलं ते अर्ध्या वाक्यावर. शेअरचं बटण दाबताना मला हल्ली तो शंख ऐकू येतो.

गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की खोट्या बातम्यांवरच्या अभ्यासाचंही हेच झालं. २०१८ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या तीन संशोधकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर सुमारे ३० लाख लोकांनी पसरवलेल्या १,२६,००० बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी जास्त होती, आणि १५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला जवळपास सहापट वेळ लागत होता. त्यातही हे काम यंत्रं करत नव्हती, तुमच्याआमच्यासारखी माणसं करत होती. हा अभ्यास मीही अनेकदा सांगितला आहे. पण त्यातली अट अशी की त्यांनी फक्त त्याच बातम्या घेतल्या होत्या, ज्यांचा खरेखोटेपणा सहा पडताळणी संस्थांनी आधीच तपासला होता. रोज येणाऱ्या सरसकट सगळ्या बातम्यांबद्दल तो अभ्यास काही म्हणत नाही. 'खोटं सहापट वेगाने पळतं' एवढंच वाक्य मात्र सगळीकडे पोचलं.

संस्कृतीच्या बाबतीत गळणारी अट म्हणजे वाक्य लिहिणाऱ्याचं नाव. वाद रंगला की कुणीतरी फ्रेंच विचारवंत व्हॉल्टेअरचं वाक्य टाकतंच: तुझं म्हणणं मला मान्य नाही, पण ते मांडण्याचा तुझा हक्क मी प्राणपणाने जपेन. व्हॉल्टेअर गेला १७७८ साली. हे वाक्य लिहिलं इव्हलिन बिअट्रिस हॉल या लेखिकेने १९०६ साली, त्याची वृत्ती सांगताना. ते स्वतःचे शब्द असल्याचं तिने पुढे स्पष्टही केलं. इतकं सुंदर वाक्य लिहिणाऱ्या बाईचं नाव आपल्याला ठाऊक नसावं, याचं मला फार वाईट वाटतं.

मला लोक म्हणतात, एवढं काय मनावर घेतोस, ग्रुप आहे, विद्यापीठ नाही. मला हे पटत नाही. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना विज्ञानाची, तंत्रज्ञानाची बातमी कळते ती कुणा मित्राने पाठवली म्हणून. मूळ निबंध सोडा, त्यावरचा लेखही ते उघडत नाहीत, आणि त्यांच्या दिवसात तेवढा वेळ नाही हे मला समजतं. ते माझ्यावर विश्वास ठेवतात. मग ती उरलेली अर्धी ओळ त्यांच्यापर्यंत पोचवणं माझं काम झालं. व्हॉट्सअ‍ॅपने २०२० मध्ये वारंवार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्याने वेग कमी होतो, ते चांगलंच आहे. पण गळलेली ओळ परत जोडायला माणूसच लागतो.

आणि असा माणूस टिकवावा लागतो. मागे एकदा बाईंनी एका औषधाच्या बातमीखाली विचारलं, "हा प्रयोग माणसांवर झालाय का?" पोस्ट टाकणाऱ्याने उत्तर दिलं, "बाई, तुम्ही प्रत्येक गोष्टीत खुसपट काढता." त्यावर आठ-दहा जणांनी हसण्याच्या खुणा टाकल्या. बाई काही बोलल्या नाहीत. नंतर जवळपास महिनाभर त्यांनी कुठेच काही लिहिलं नाही. त्या महिन्यात ग्रुप अगदी सुरळीत चालला. बातम्या आल्या, अंगठे आले, वाद एकही नाही. मी रोज उघडून बघायचो आणि मला ते सगळं पोकळ वाटायचं. शेवटी मी त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "अरे, मला खरंच माहीत नव्हतं म्हणून विचारलं होतं." तो प्रयोग उंदरांवरचा होता. त्यांची शंका रास्त होती, आणि एवढ्या लोकांत ती एकट्या त्यांनाच आली होती. त्या दिवशी अ‍ॅडमिन असून मी गप्प बसलो होतो, याची माफी मी त्यांच्याकडे मागितली आणि ग्रुपवरही मागितली.

आता मी स्वतःपुरतं एक करतो. विज्ञानाची बातमी टाकली की फोनमध्ये चार आठवड्यांनंतरची आठवण लावून ठेवतो, आणि त्या दिवशी त्याच पोस्टखाली पुढे काय झालं ते लिहितो. बहुतेक वेळा लिहावं लागतं, 'अजून काही कळलेलं नाही.' तेही लिहितो. एलके-९९ ची जुनी पोस्ट मी काढून टाकलेली नाही. तिच्या वरच्या ओळीत दुरुस्ती घातली आहे आणि त्या जांभळ्या स्फटिकांची लिंक दिली आहे.

तुम्ही शेअर केलेली एखादी बातमी असेल, जिचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, तर खाली लिहा. मूळ लिंक सापडत असेल तर तीही द्या. बाईंना मी या पोस्टमध्ये टॅग केलेलं नाही, पण त्या येतील. आल्या की आपण मिळून एकेक शोधून काढू.