नाट्यगृहाच्या जागी हॉल सुचवणाऱ्या वाचकास

नमस्कार,

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळाल्यावर मी लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. १९१५ची वास्तू म्हणून मी गहिवरतोय, पण खुर्च्या, एसी, आतली सजावट मागाहूनचीच होती; आता जळालंच आहे तर तिथं पार्किंगसह बहुउद्देशीय हॉल बांधावा, लग्नकार्यांतून महापालिकेला चार पैसे मिळतील, असं तुमचं म्हणणं.

नूतनीकरणाचं तुमचं बरोबर आहे. लेखात ते यायला हवं होतं, चूक माझी.

पण ही जागा एकटी नाही हो. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोमचं कलोसियम पाहून आले, त्यावरून खासबागेचं कुस्तीचं मैदान उभं राहिलं. त्याच्याच पाठीला पाठ लावून १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर बांधलं. इकडं कुस्ती, तिकडं संगीत नाटक. संगीत नाटकातले गायक नट केशवराव भोसले यांचं नाव त्याला १९५७ साली मिळालं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री आग लागली तेव्हा मैदानातलं व्यासपीठही जळालं, ते या शेजारामुळंच. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी मी तिथं उभा होतो. भिजलेल्या जळक्या लाकडाचा वास, आणि समोरची दगडी भिंत तेवढी जागेवर. बाजूला एक म्हातारे गृहस्थ चपला काढून हात जोडून उभे होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

मी नट नाही. राज्य नाट्यस्पर्धेच्या वेळी आमच्या ग्रुपसाठी पडदा ओढायचो, दोरीनं तळहात सोलायचे. म्हणून सांगतो, हॉल आणि नाट्यगृह यांची बांधणीच वेगळी. हॉलची जमीन सपाट, जेवणाच्या पंगतीला सोयीची. नाट्यगृहात उतार लागतो, नाहीतर शेवटच्या रांगेला पुढच्यांची डोकीच दिसतात. पडदे वर ओढायला रंगमंचावर उंची लागते, विंगांना खोली लागते, सेटचा ट्रक थेट मागं लागावा लागतो. आणि आवाज! हॉलमध्ये घुमतो, शब्द कळत नाही. बहुउद्देशीय म्हणून बांधलेल्या जागेत नाटकवाल्याला तारखा मिळतात त्या लग्नसराई संपल्यावर.

पार्किंगची अडचण खरी आहे. त्यावर शेजारपाजारच्या जागेचा विचार व्हावा, रंगमंच कापून नव्हे.

उत्पन्नाबद्दल एवढंच सांगतो, की शाळांची गॅदरिंगं, गल्लीतल्या पोरांच्या एकांकिका याच रंगमंचावर व्हायच्या. भाडं लग्नाच्या हिशेबानं लागलं तर ती पोरं कुठं जाणार? माझा आग्रह आहे तो त्यांच्यासाठी. आणि नव्या बांधकामात वायरिंग, पाण्याची टाकी, बाहेर पडायचे दरवाजे यांवर आधी खर्च व्हावा, झुंबरं नंतर. यावर तरी तुमचं-माझं एकमत व्हावं.