‘रिपोर्ट नॉर्मल म्हणजे नाटकं’ : फायब्रोमायल्जियावरच्या फॉरवर्डला उत्तर

फॅमिली ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजचा मथितार्थ असा : फायब्रोमायल्जिया (महिनोन्महिने अंगभर दुखत राहणं आणि थकवा) हा आजारच नव्हे, कारण सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. पेनकिलर घ्या, आराम करा. बायको जवळ येऊ देत नसेल तर तो बहाणा. आणि अमुक चूर्ण २१ दिवस घेतलं की दुखणं मुळासकट जातं.

आधी रिपोर्टांचं बघू. ते नॉर्मल येणारच. सीबीसी, ईएसआर, सीआरपी, टीएसएच, सीपीके या रक्तपेशी, सूज, थायरॉइड, स्नायूंच्या तपासण्या दुसरा कुठला आजार नाही ना, एवढंच बघायला असतात. हा आजार दाखवणारी रक्ततपासणी नाही. निदानाच्या २०१६ च्या निकषांत अंगाच्या १९ भागांपैकी किती दुखतात ते मोजतात आणि थकवा, झोपून उठल्यावरही न गेलेला शीण, विसरभोळेपणा वगैरेंना १२ पैकी गुण देतात. दुखरे भाग ७ किंवा अधिक आणि गुण ५ किंवा अधिक (भाग ४ ते ६ असतील तर गुण ९), दुखणं ५ पैकी किमान ४ विभागांत पसरलेलं आणि ३ महिने टिकलेलं, की निदान होतं. ‘मनाचं दुखणं’ म्हणणाऱ्यांसाठी : २००२ च्या एफएमआरआय (मेंदूतली हालचाल टिपणारा स्कॅन) अभ्यासात अंगठ्याच्या नखावर हलका दाब दिला, तेव्हा रुग्णांच्या मेंदूत जी हालचाल दिसली तशी निरोगी माणसांत दिसायला बराच जास्त दाब द्यावा लागला. मात्र सांधा सुजतोय, ताप येतोय, वजन घटतंय, तर ते फायब्रोवर ढकलू नका. आमवात आणि हा आजार एकाच अंगात नांदू शकतात.

पेनकिलर? सूज नसताना सूज उतरवणारी गोळी काय करणार? डायक्लोफिनॅक महिनोन्महिने घेऊन जठर आणि मूत्रपिंड मात्र बिघडतात. डॉक्टर बहुधा अमिट्रिप्टिलिन या गोळीपासून सुरुवात करतात, रात्री १० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. ती झोपण्याच्या २-३ तास आधी घ्यायची. अगदी निजताना घेतली की सकाळभर डोकं जड राहतं आणि ‘झेपत नाही’ म्हणून औषध सुटतं. काचबिंदू, लघवी अडणं किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर आधी सांगा. प्रीगॅबॅलिन या दुसऱ्या औषधाचाही फार गाजावाजा नको : औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत शंभरात साधारण दहाच जणांना जादा मोठा आराम पडतो, आणि वजन वाढतं, चक्कर येते.

‘आराम करा’ हा सल्ला तर उलटाच. युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या २०१६ च्या शिफारशींत ठाम पाठिंबा मिळाला तो फक्त व्यायामाला. दिवसाला ५ मिनिटं चालण्यापासून सुरू करा, झेपलं तर आठवड्या-दोन आठवड्यांनी एखादं मिनिट वाढवा. दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला तर आधीच्या पायरीवर या, बंद करू नका. बरं वाटलेल्या दिवशी माळा आवरायला काढून पुढचे तीन दिवस अंथरुणात घालवणं, हीच नेहमीची चूक. काम घड्याळ बघून थांबवायचं, दुखायला लागण्याची वाट बघायची नाही : १५ मिनिटं भाजी चिरली की उठून बैठक बदला.

आता त्या ‘बहाण्या’विषयी, कारण सगळ्यात जास्त संसार इथे होरपळतात. या आजारात साधा स्पर्शही दुखू शकतो. ब्राचा पट्टा रुततो, परकराच्या नाडीची गाठ काचते, कमरेभोवतीची मिठी कळ आणते. तिने अंग चोरलं ते नवऱ्याला टाळायला नव्हे. तो मात्र गप्प होतो, मग हातात हात घेणंही थांबतं, कारण ‘पुढे जावं लागेल’ ही धास्ती दोघांनाही. ती मोडायला दिवसाउजेडी बोलून ठरवा की आजचा स्पर्श स्पर्शापुरताच. हळुवार गोंजारण्यापेक्षा तळहाताचा स्थिर दाब अनेकांना सोसतो. कुठे हात नको, हे तिने बोट ठेवून दाखवावं. रोज दुखण्याचा आकडा सांगा, ० ते १०. ‘आज सहा आहे’ एवढ्यावर निभावतं, नकाराची कारणमीमांसा लागत नाही.

वेळही बदला. सकाळी अंग आखडलेलं, रात्री शीण. दुपार त्यातल्या त्यात बरी. एकत्र कुटुंबात दुपारचं दार लावणं म्हणजे दिव्यच, पण रविवारी जमवता येतं. आधी १० मिनिटं गरम पाण्याची अंघोळ, मग कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी, वजन तिच्या अंगावर नको. कोरडेपणा असेल तर पाण्याचा आधार असलेलं ल्युब्रिकंट वापरा. कंडोम असेल तर खोबरेल तेल नको, त्याने लॅटेक्स फाटतं. आत दुखतच राहिलं तर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे फिजिओथेरपिस्ट गाठा. याच आजारावर दिल्या जाणाऱ्या डुलोक्सेटिनने इच्छा मंदावू शकते, पुरुष रुग्णांतही. हे डॉक्टरांपुढे लाजून लपवू नका आणि गोळी परस्पर बंदही करू नका. मात्रा हळूहळूच उतरवायची असते.

नवऱ्याने ‘तू बस, मी करतो’ म्हणत सगळंच हातातून काढून घेणंही बरं नाही. त्याने हालचाल घटते. बादली त्याने उचलावी, कपड्यांच्या घड्या तिने घालाव्यात.

राहिलं चूर्ण. लेबल नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत. पुडीने चार दिवसांत हुशारी आली, मग चेहरा सुजला, साखर वाढली, तर पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर आटलेलं असतं.