‘एका सेल्फला स्टार्ट होते ना? मग प्लगला हात लावू नका’ म्हणे!

साताऱ्यातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. गाडी एका सेल्फला स्टार्ट होतेय तोवर स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी टाकून पेट्रोल पेटवणारे प्लग, बघायचेही नाहीत, तो सर्व्हिसवाल्यांचा बिल फुगवायचा धंदा आहे. मिसिंग आलंच, म्हणजे ठिणगी चुकून इंजिन अडखळायला लागलं, तर प्लग पॉलिश पेपरने घासून परत लावा. इरिडियम धातूच्या टोकाचे प्लग टाकलात तर जन्माची कटकट मिटली.

बिलाचं थोडं खरं आहे. दर 10,000 किलोमीटरला नवे प्लग लावायची गरज सहसा नसते. बाकीचं मात्र पटत नाही.

स्टार्ट होण्यावरून प्लगची खरी पारख होत नाही. उभ्या गाडीत इंजिनावर लोड नसतो, सिलिंडरमधला दाब कमी असतो, झिजलेला प्लगही ठिणगी टाकतो. तीच गाडी चार माणसं घेऊन यवतेश्वरचा घाट चढू लागली की दाब वाढतो आणि ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. त्यात वापराने इलेक्ट्रोडच्या, म्हणजे ज्या दोन टोकांमध्ये ठिणगी पडते त्यांच्या, कडा गोल झालेल्या, त्यांच्यातली गॅप वाढलेली. हा सगळा ताण ठिणगीचं व्होल्टेज तयार करणाऱ्या कॉइलवर येतो. मिसिंग सुरू झालं की न जळलेलं पेट्रोल पुढे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, म्हणजे खर्चाचा अंदाज आलाच. चार प्लगचे पैसे त्यापुढे किरकोळ.

पॉलिश पेपर हा टू-स्ट्रोक स्कूटरच्या जमान्यातला उपाय. तेव्हा पेट्रोलमध्ये ऑइल जळायचं, प्लग काजळायचा, घासून काम भागायचं. आजच्या इरिडियम प्लगचं टोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतं. त्यावर पेपर फिरवला तर प्लगच जायचा. शिवाय झिजलेला धातू घासून परत येत नाही.

इरिडियम 2,400 अंश सेल्सिअसच्या वर वितळतो, निकेल साधारण 1,455 ला. म्हणून तो जास्त टिकतो, पण जन्मभर नाही. साधे निकेलचे प्लग ढोबळमानाने 30 ते 40 हजार किलोमीटर, चांगले इरिडियम लाखाच्या आसपास. काही स्वस्त इरिडियममध्ये फक्त मधलं टोक इरिडियमचं असतं, बाहेरचं निकेलचंच, ते आधी झिजतं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. सीएनजीवर चालवत असाल तर त्याहून लवकर बघा, कारण गॅस पेटवायला व्होल्टेज जास्त लागतं.

निकेलचे प्लग अधूनमधून काढून पाहावेत, तेही इंजिन गार झाल्यावर आणि खाचेतली धूळ हवा मारून उडवल्यावर. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक. कोरडं काळं असेल तर एअर फिल्टर बघा. ऑइलने ओलं असेल तर दोष प्लगचा नाही, इंजिन ऑइल खातंय. पांढरंफटक आणि फोड आलेलं असेल तर इंजिन तापतंय, मिस्त्रीला दाखवा. परत बसवताना आधी हातानेच आटे धरू द्या; प्लग ज्यात बसतो ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, मऊ असतं, तिरका प्लग जोराने आवळला तर आटे जातात.

आणि हा मेसेज डिझेल गाडीवाल्यांनीही पुढे पाठवलाय. त्यांच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतोच.