स्वॅप झालंच नाही: सी-मधल्या फंक्शनवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

भाचा ऐरोलीला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. रविवारी आमच्याकडे नौपाड्यात जेवायला आला, तर घास हातात आणि नजर मोबाइलवर. मंगळवारी सी-ची, म्हणजे त्या नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची, ओरल होती. वर्गाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता, वर दोन बाणांची खूण, म्हणजे बऱ्याच हातांतून आलेला: 'युजर डिफाइन्ड फंक्शन, फक्त पाच मुद्दे पाठ करा, ओरल खिशात.'

फंक्शन म्हणजे नाव देऊन वेगळा काढलेला, हवा तेव्हा बोलावता येणारा प्रोग्रॅमचा तुकडा; युजर डिफाइन्ड म्हणजे तो आपण स्वतः लिहिलेला. मुद्दे असे. एक, फंक्शनचे प्रकार चार. दोन, सी-मध्ये फंक्शनला किंमत देण्याचे कॉल बाय व्हॅल्यू (तिची प्रत) आणि कॉल बाय रेफरन्स (मूळ किंमतच) असे दोन मार्ग असतात. तीन, फंक्शनमुळे प्रोग्रॅम हळू होतो, म्हणून छोटी कामं मेनमध्येच (जिथून प्रोग्रॅम सुरू होतो त्या फंक्शनमध्ये) उरका. चार, प्रोटोटाइप (फंक्शन काय घेतं आणि काय देतं हे आधी सांगणारी ओळ) लिहिला नाही तरी चालतं. पाच, मेन हे प्री-डिफाइन्ड फंक्शन आहे.

मी गेली वीसेक वर्षं महाप्याला कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहितो, तेही सी-मध्येच. पाचही मुद्दे वाचून झाले आणि आमटी गार झाली.

सुरुवात दुसऱ्यापासून करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. सी-मध्ये मार्ग एकच आहे: फंक्शनला नेहमी किमतीची प्रत मिळते. भाच्याला जेवणानंतर लॅपटॉपवर स्वॅप, म्हणजे दोन किमतींची अदलाबदल करणारं फंक्शन, लिहायला लावलं. मेनमध्ये ए पाच, बी नऊ. स्वॅपच्या आत छापलं तर नऊ-पाच, परत मेनमध्ये येऊन छापलं तर पाच-नऊ. स्टेशनबाहेर आधार कार्डाची झेरॉक्स काढून तिच्यावर पेनाने काहीही खरडलं, तरी खिशातलं कार्ड जसंच्या तसं राहतं, तसंच.

"मग पॉइंटर दिला की बदलतं ना मामा? तेच कॉल बाय रेफरन्स."

बदलतं, पण कसं ते बघ. पॉइंटर म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. फंक्शनला त्या चिठ्ठीचीही झेरॉक्सच मिळते. पत्ता खरा असल्यामुळे तो माणूस घोडबंदर रोडवरच्या आपल्याच घरी पोचतो आणि आतलं कपाट हलवतो. पण त्याने स्वतःच्या चिठ्ठीवर पत्ता खोडून डोंबिवलीचा लिहिला, तर आपलं घर डोंबिवलीला जात नाही. भाच्याला स्वॅपमधले तारे (चिठ्ठीवरच्या पत्त्यावर जाऊन किंमत गाठणारी * ही खूण) काढून नुसती पॉइंटरांची अदलाबदल करायला सांगितलं. कंपाइल झालं, चाललं, आणि मेनमध्ये पुन्हा पाच-नऊ. 'कॉल बाय रेफरन्स' पाठ केलेल्या मुलाला हे कोडंच वाटतं. प्रत कशाची झाली हे ज्याला ठाऊक आहे, तो लगेच सांगतो. खरे रेफरन्स सी प्लस प्लसमध्ये आले. सी-मध्ये ते नाहीत.

अ‍ॅरेचं दुखणं याच घरातलं. अ‍ॅरे, म्हणजे ओळीने ठेवलेल्या किमतींची रांग, फंक्शनला दिला की पोचतो फक्त पहिल्या घराचा पत्ता, मग पॅरामीटरमध्ये चौकोनी कंस कितीही थाटात लिहा. मेनमध्ये दहा इंटच्या (पूर्णांकांच्या) अ‍ॅरेचा साइझऑफ, म्हणजे बाइटमधली लांबी, घेतला की आजच्या नेहमीच्या लॅपटॉपवर 40 येतो. फंक्शनच्या आत तेच नाव, तोच साइझऑफ, आणि उत्तर 8. ती पॉइंटरची लांबी. आठला एका इंटच्या चार बाइटनी भागून तुम्ही लूप फिरवलात, तर दहापैकी दोनच आकड्यांची बेरीज होते. कंपाइलर, म्हणजे आपला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत नेणारा, फार तर एक वॉर्निंग देतो, आणि वॉर्निंग वाचतो कोण?

मी तरी कुठे वाचली होती. नोकरीतल्या दुसऱ्या वर्षी तापमानाच्या दहा रीडिंगची सरासरी काढणारं फंक्शन लिहिलं, मोजणी साइझऑफने आतच केली. कंट्रोलर 32 बिटांचा, म्हणजे पॉइंटर चार बाइटचा. रीडिंग दोन बाइटचं. भागाकार दोन. पुढे भाग मात्र मी शहाण्यासारखा त्याच दोनाने दिला, त्यामुळे सरासरी अगदी बरोबर दिसायची. उत्तर उघड चुकलं असतं तर पहिल्याच दिवशी पकडलं असतं. आठवा सेन्सर तापला तेव्हा पॅनेलवर आकडा ढिम्म हलेना, मग शोधाशोध, आणि रात्रीची शेवटची ठाणे लोकल चुकली. तेव्हापासून अ‍ॅरेबरोबर त्याची संख्या वेगळा पॅरामीटर म्हणून पाठवतो.

आता ते चार प्रकार: आर्ग्युमेंट नाही-रिटर्न नाही, आर्ग्युमेंट आहे-रिटर्न नाही, वगैरे. आर्ग्युमेंट म्हणजे फंक्शनला दिलेली किंमत, रिटर्न म्हणजे त्याने परत दिलेली. परीक्षेत विचारतात, मार्क मिळतात, खुशाल लिहा. पण ही भाषेची वर्गवारी नाही, शिकवणाऱ्यांनी सोयीसाठी पाडलेले कप्पे आहेत. सी-च्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांत, फंक्शनचा टाइप ठरतो तो परत काय देतं आणि काय घेतं यावरून, आणि असे टाइप तुम्ही हवे तितके करू शकता. कप्प्यांचा खरा तोटा जर्नलमध्ये दिसतो. भाच्याचं 'बेरीज' फंक्शन स्वतःच स्कॅनएफने आकडे विचारत होतं आणि स्वतःच प्रिंटएफने उत्तर छापत होतं. त्या बेरजेची सरासरी काढायची तर काय करणार, पडद्यावरून वाचून परत टाइप करणार? दोन आकडे घे, एक परत दे, विचारणं-छापणं मेनवर सोड, एवढं केल्यावर तेच फंक्शन त्याच्या पुढच्या दोन प्रॅक्टिकलमध्ये जसंच्या तसं बसलं. आणि 'फंक्शन एकच किंमत परत करतं' हे त्याच कप्प्यांचं शेपूट. ती एक किंमत स्ट्रक्चरही, म्हणजे अनेक किमतींचा एकत्र गठ्ठाही, असू शकते. स्टँडर्ड लायब्ररीतलं डिव्ह भागाकार आणि बाकी दोन्ही एकाच स्ट्रक्चरमध्ये भरून देतं.

वेगाबद्दल. कॉलला खर्च असतो हे खरंच आहे: आर्ग्युमेंट पोचवायची, परतीचा पत्ता ठेवायचा, उडी मारायची. पण आजच्या प्रोसेसरवर हे काही नॅनोसेकंदांचं काम. शिवाय ऑप्टिमायझेशन चालू केलं की जीसीसी हा कंपाइलर छोटी स्टॅटिक (एकाच फाइलपुरती) फंक्शनं बहुतेक वेळा कॉलच्या जागीच पसरून टाकतो आणि कॉलच उरत नाही. 1999 च्या स्टँडर्डने तर त्यासाठी इनलाइन हा शब्दही दिला. छोट्या कंट्रोलरवर इंटरप्टच्या (चालू काम मध्येच थांबवून करायच्या कामाच्या) आत मी कॉल मोजून करतो, स्टॅक, म्हणजे कॉलची नोंद ठेवायची जागा, तोकडा असतो म्हणून रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) टाळतो, हे कबूल. पण चारशे ओळींचं मेन लिहून त्यात वेग वाचवणाऱ्याने आधी आपले प्रिंटएफ मोजावेत. वेळ तिथे जातो.

प्रोटोटाइप ऐच्छिक, हे टर्बो सी या जुन्या कंपाइलरच्या निळ्या पडद्याच्या जमान्यातलं. तेव्हा न सांगितलेलं फंक्शन इंट परत करतं असं कंपाइलर धरून चालायचा. दुसऱ्या फाइलमधलं फंक्शन डबल, म्हणजे दशांश संख्या, देणारं निघालं की हाती कचरा. 1999 च्या स्टँडर्डने ही मुभा काढली, जीसीसी मात्र बरीच वर्षं नुसतं कुरकुरून सोडून देत होता. 2024 च्या चौदाव्या आवृत्तीपासून तो सरळ एरर देतो. कॉलेजच्या लॅबमध्ये चालणारा प्रोग्रॅम भाच्याच्या लॅपटॉपवर का अडत होता, ते त्याला तेव्हा कळलं.

राहिलं मेन. त्याचं नाव ठरलेलं आहे, सुरुवात तिथून होते हेही ठरलेलं, पण आतली प्रत्येक ओळ आपली. मग ते युजर डिफाइन्ड नाही तर काय? भाच्याला पटेना. मेसेजवर एवढ्या मुलांनी अंगठे दिले होते. म्हटलं, मेनच्या स्पेलिंगमधली मधली दोन अक्षरं उलटी कर आणि चालव. प्री-डिफाइन्ड असेल तर ते कुठून तरी येईलच.

केलं. कंपाइलर गप्प राहिला, तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारा लिंकर ओरडला: अनडिफाइन्ड रेफरन्स टू मेन. म्हणजे मेन कुठेच सापडलं नाही.

भाच्याने स्क्रीनचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, त्या मेसेजच्या बरोबर खाली.