दिसतंय तर नीट!

डोकं फिरलंय आज. एका संस्थेचा रिपोर्ट माझ्याकडे लेआउटला आलाय, दिव्यांगांना सरकारी योजना का मिळत नाहीत यावर, शंभराच्या वर पानं, आणि मजकूर कसा तर अर्धा युनिकोडमध्ये (अक्षरांची आजची प्रमाण पद्धत), अर्धा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये. आता तो जुन्या फॉन्टचा भाग स्क्रीन रीडरला, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, लावला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बडबडतो तो, कारण फाइलमध्ये मराठी नसतंच मुळी, इंग्रजी कोडला फक्त मराठी दिसायला लावलेलं असतं. हे संस्थेला सांगितलं तर म्हणे "पण दिसतंय तर नीट ना?" अहो दिसतंय, ज्यांना दिसतं त्यांना!!

बरं, युनिकोड असून तरी काय? जोडाक्षरं फुटतात म्हणून प्रेसवाला म्हणतो टेक्स्ट कर्व्ह करून द्या, छपाईपुरतं ठीक आहे, पण नंतर तीच फाइल हे संस्थावाले वेबसाइटवर चढवतात!! त्यात एकही अक्षर उरलेलं नसतं, सगळे नुसते आकार. कंट्रोल एफ मारून 'पेन्शन' शोधा, शून्य. तालुक्याच्या कार्यकर्तीला निवेदनात एक आकडा टाकायचाय तर तिने अख्खी पीडीएफ मोबाइलवर बोटाने सरकवत बसायचं. अनुक्रमणिका आहे हो, सुंदर आहे, पण लिंक नाही, बुकमार्क नाहीत, आणि कव्हर, प्रस्तावना, मनोगत, ऋणनिर्देश यांना नंबरच नाहीत त्यामुळे छापलेलं पान २३ मोबाइलवर ३५ ला सापडतं.

आणि हेडिंग म्हणजे बोल्ड करून साइज १८ एवढंच यांना माहीत. वर्डमध्ये स्टाइल्समधलं हेडिंग १ एका क्लिकवर असतं, ते लावलं आणि पीडीएफ टॅगसकट (मथळा कुठला, परिच्छेद कुठला या आतल्या खुणांसकट) काढली तर एनव्हीडीए हा फुकटातला स्क्रीन रीडर वापरणारा माणूस एच दाबत दाबत मथळ्यावरून मथळ्यावर जातो. पण नाही.

चार्टचं तर बोलूच नका, मंजूर अर्ज हिरवे नामंजूर लाल, दुसरी काही खूण नाही, गावात झेरॉक्स काढली की दोन्ही राखाडी.

कहर म्हणजे आत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ दिलंय, छापील आणि इलेक्ट्रॉनिक मजकूर दिव्यांगांना वापरता येईल असा, म्हणजे अ‍ॅक्सेसिबल असावा म्हणून सरकारने पावलं उचलायची ते, त्यावरून सरकारला झोडपलंय सुद्धा, आणि ते कुठे तर फोटोवर, फिक्या करड्या रंगात, नऊ पॉइंटमध्ये. अक्षर आणि मागचा रंग यांतला काँट्रास्ट किमान ४.५:१ हवा म्हटलं तर "ब्रँड कलर आहे तो."

फंडरची, म्हणजे पैसे देणाऱ्याची, इंग्रजी कॉपी मात्र टॅग, ऑल्ट टेक्स्ट (चित्रात काय आहे ते सांगणारा मजकूर) सगळं करून हवी, कारण फंडरने मागितलंय. मराठीला बजेट नाही म्हणे. म्हणजे ज्यांच्या घरी जाऊन सर्व्हे भरून घेतले त्यांच्यासाठीच बजेट नाही.

आत्ता मेसेज आलाय, उद्या प्रकाशन आहे, तेवढं रात्रीतून अ‍ॅक्सेसिबल करून पाठवा ना, एखादं बटण असेलच ना त्याला. बटण!! अनुक्रमणिकेला लिंक द्यायची म्हटलं तेव्हा महिनाभर "बघू" चाललं होतं यांचं.